येशू, ईसा आणि परत येणं: तीन रविवारांची वाचन-बैठक कशी लावावी

जालना, बीड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर, जिथे मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर आहेत तिथे डिसेंबरात हा विषय निघतोच. ख्रिस्ती घराच्या दारावर चांदणी लागलेली असते. चहा पिता पिता कुणीतरी मुस्लिम शेजारी म्हणतो, "आमच्यातही हजरत ईसा, म्हणजे येशू, पुन्हा येणार आहेत." समोरचा म्हणतो, "हो का? आमच्यातही तसंच आहे." बोलणं तिथेच संपतं आणि दोघंही आपलं एकमत झालं असं समजून उठतात. तसं ते झालेलं नसतं. त्यापुढचं बोलणं दोन्हीकडच्या ग्रंथांतून व्हावं, यासाठी ही बैठक आहे.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा जण पुरेत, दोन्हीकडचे साधारण निम्मे-निम्मे. बाराच्या पुढे गेलात की सभा होते आणि चारच माणसं बोलतात. हिंदू किंवा बौद्ध शेजाऱ्यांना यायचं असेल तर जरूर बोलवा. बाकीचे जे गृहीत धरतात ते प्रश्न हीच मंडळी विचारतात. इमामसाहेब, पाळक, फादर यांना वाचनाचे कागद आठवडाभर आधी दाखवा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करा, पण प्रत्यक्ष वाचायला दुसऱ्या कुणाला बसवा. धर्मगुरू वाचायला लागले की लोक विचारायचं सोडून ऐकत बसतात.

जागा मशिदीची नको आणि चर्चचीही नको. वाचनालय, शाळेचा वर्ग किंवा मोठी ओसरी चालेल. सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी करा. तो दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि कॅथलिक मिस्सेत त्या दिवशीचं शुभवर्तमान जागं राहण्याबद्दल, प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दलच असतं. म्हणजे विषय सकाळीच कानावर पडलेला असतो. चौथा रविवार मोकळा सोडा. तोवर कॅरलच्या फेऱ्या आणि घरोघरच्या करंज्या सुरू होतात. दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ बरी: सकाळची उपासना आटोपलेली असते, जोहर (दुपारची नमाज) झालेली असते आणि असरला (तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला) जाणाऱ्यांची घाई होत नाही. असरच्या जमातीची वेळ मशिदीगणिक वेगळी असते, ती आधी विचारून घ्या. एखाद्या वर्षी रमजान किंवा पवित्र आठवड्याजवळ बैठक ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. उपाशी माणसाला वाद लवकर चढतो. खायला चहा-बिस्किटं, फार तर भजी. साधं शाकाहारी ठेवलं की कुणाला विचारत बसावं लागत नाही.

आधी कागद

सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते आणि बैठक फसली तर इथेच फसते. प्रत्येक रविवारासाठी एक, असे तीन कागद तयार करा. अक्षर सोळा पॉइंटचं ठेवा, कारण बैठकीत साठीच्या पुढची माणसं असतातच.

मराठवाड्यातली खास अडचण भाषेची आहे. हदीसचे, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनांचे आणि आठवणींचे, अनुवाद उर्दूत सहज मिळतात. निजामाच्या काळात उर्दू ही सरकारी भाषा होती, त्यामुळे जुन्या पिढीत ती धर्म न पाहता वाचली जायची. आज मराठी शाळेत शिकलेल्या मुस्लिम मुलांनाही ती लिपी जड जाते. म्हणून उर्दू मजकूर देवनागरीत उतरवून खाली मराठी अर्थ द्या. कुरआनची मराठी भाषांतरं दोन तरी आणा. काही शब्दांचा अर्थ कसा लावायचा यावर जुन्या विद्वानांतच मतभेद आहेत, आणि भाषांतर त्यातला एक अर्थ निवडून दुसरा झाकून टाकतं. बायबलचंही जुनं आणि सोप्या मराठीतलं अशी दोन भाषांतरं ठेवा.

अरबी मजकुराची झेरॉक्स काढू नका. तो कागद पायाखाली आला किंवा नंतर कुणी त्यात भजी बांधली तर तीन आठवड्यांचं काम एका क्षणात गेलं. फक्त अर्थ छापा. मूळ कुरआन रेहालवर (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या लाकडी चौकटीवर), सगळ्यांच्या बसण्यापेक्षा उंचावर ठेवा, आणि ज्याचा वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी) आहे त्यानेच तो हाताळावा. ख्रिस्ती मंडळींना बायबलमध्ये पेनाने रेघा ओढायची सवय असते. त्यात त्यांच्या लेखी अनादर काही नाही, हे मुस्लिम मित्रांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

कागदाच्या डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडा. तिथे प्रत्येक विधानासमोर एक अक्षर लिहायचं: ब म्हणजे बायबल, क म्हणजे कुरआन, ह म्हणजे हदीस, म म्हणजे चर्चचा मतांगिकार (श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) किंवा विद्वानांचं मत, आणि ऐ म्हणजे ऐकीव. बैठकीत कुणीही काही म्हटलं की पहिला प्रश्न एकच, "हे कोणतं अक्षर?" 'ऐ' लिहिताना कुणी लाजू नये. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतलं बरंच काही 'ऐ' निघतं, दोन्हीकडचं.

पहिला रविवार: बायबल

क्रम महत्त्वाचा आहे. प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, सुरू केलंत तर पशू, शिंगं आणि आकडे यांतच दुपार जाते. आधी प्रेषितांची कृत्ये १:९-१२ वाचा. येशू वर घेतला जातो, ढग त्याला झाकतो, आणि शुभ्र वस्त्रांतले दोघे शिष्यांना सांगतात की जसा गेला तसाच येईल. मग मत्तय २४:३-३६, त्यानंतर मत्तय २५:३१-४६, जिथे मनुष्याचा पुत्र मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तशी राष्ट्रं वेगळी करतो. मग थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र ४:१३-१८. प्रकटीकरण १९:११-१६ आणि २०:१-६ सगळ्यात शेवटी. वाचनाला चाळीस मिनिटं आणि बाकीचा वेळ प्रश्नांना.

ख्रिस्ती मंडळींतच पहिला खटका प्रकटीकरण २० मधल्या हजार वर्षांवर उडतो. कॅथलिक, आणि सीएनआयमधले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बरेच जण, हा आकडा प्रतीक मानतात; ही वाट ऑगस्टीनच्या काळापासूनची आहे. अनेक पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या मानतात की येशू आधी येईल आणि मग पृथ्वीवर खरोखर हजार वर्षं राज्य करेल. त्याआधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील ही शिकवण पसरली ती १९व्या शतकात, जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे. थेस्सलनीकाच्या पत्रात उचललं जाणं आहे, पण त्याचं वेगळं वेळापत्रक नाही. म्हणून उचललं जाणं 'ब', आणि वेळापत्रक 'म'. हे लिहिताना कुणाच्या मंडळीला कमी लेखू नका. त्यांच्या आशेचा गाभा त्यात आहे. सगळ्यांना जोडणारं वाक्य मतांगिकारात आहेच: जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल.

कुणीतरी तारीख काढतोच. त्याला मार्क १३:३२ मोठ्याने वाचायला सांगा: तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. ती रात्र सरली, आणि हजारो माणसं मोडून पडली.

दुसरा रविवार: कुरआन, मग हदीस

या दोघांत सरमिसळ होऊ देऊ नका. ईसा उतरतील, मिनारापाशी उतरतील, दज्जालला (शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहाला) मारतील हा तपशील कुरआनात आहे असं अनेक मुस्लिम तरुणांनाही वाटतं. तो हदीसमध्ये आहे. दज्जाल हा शब्द कुरआनात नाही.

कुरआनातून सूरह निसा ४:१५७-१५९ घ्या: त्यांना मारलं गेलं नाही, सुळावर चढवलं गेलं नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. १५९व्या आयतीत ग्रंथधारकांपैकी (ज्यू आणि ख्रिस्ती) प्रत्येक जण 'त्याच्या मृत्यूपूर्वी' त्यांच्यावर ईमान आणेल असं आहे. हा मृत्यू कुणाचा? ईसांचा, की त्या ग्रंथधारकाचा? दोन्ही अर्थ जुन्या भाष्यकारांनी दिले आहेत. पहिला घेतला तर आयत पुन्हा येण्याकडे बोट दाखवते, आणि बुखारी या हदीससंग्रहात प्रेषितांचे साथी हजरत अबू हुरैरा हदीस सांगून झाल्यावर हीच आयत पुराव्याला देतात. मग ३:५५ मधला 'मुतवफ्फीक' हा शब्द: पूर्ण घेणं की मृत्यू देणं. आणि ४३:६१, जिथे 'कयामतची खूण' म्हणजे ईसा, असं बहुतेक भाष्यकार सांगतात. मराठी भाषांतरं दोन आणायची ती या तीन जागांसाठी.

हदीस शोधताना नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका. छापील आवृत्त्यांत क्रमांक बदलतात, प्रकरण बदलत नाही. बुखारीत नबींच्या प्रकरणात 'ईसा इब्ने मरयमचं उतरणं' हा भाग पाहा. सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहात किताबुल ईमान आणि किताबुल फितन ही दोन प्रकरणं. नव्वास इब्ने समआन यांची लांब हदीस फितनमध्ये आहे: दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनारापाशी, हलक्या केशरी रंगाच्या दोन वस्त्रांत, दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून उतरणं, लुद्दच्या दरवाजापाशी दज्जालचा अंत, मग याजूज-माजूज या विध्वंसक टोळ्या. ही पूर्ण वाचा. चित्रासारखी आहे आणि ऐकणारे हलत नाहीत.

अवघड जागा बुखारीतली आहे: मरयमचा पुत्र न्यायी शासक म्हणून उतरेल, सूळ, म्हणजे क्रूस, मोडेल, डुकराला मारेल, जिझिया (मुस्लिमेतरांवरचा कर) बंद करेल, आणि संपत्ती इतकी होईल की घ्यायला कुणी राहणार नाही. क्रूसाबद्दलचे शब्द ख्रिस्ती माणसाच्या काळजाला लागतात. तरी ते गाळू नका. गाळलेत तर कुणीतरी मोबाइलवर काढून दाखवेल आणि विश्वास तुटेल. वाचनाआधीच सांगा की पुढे एक जड वाक्य येतंय, पूर्ण ऐका, मग बोला. विद्वानांचं स्पष्टीकरणही लगेच वाचा: ईसांना सुळावर चढवलं या समजुतीचा आणि त्यांना देवाचा पुत्र मानण्याचा निकाल ते स्वतः लावतील, असा अर्थ घेतला जातो. हे ऐकून ख्रिस्ती पटवून घेतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण हे वाक्य शेजाऱ्याच्या चर्चवर हात उचलायची परवानगी देत नाही, हे मुस्लिम वाचकाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं. दुसऱ्याने म्हटलं तर त्याचं वजन पडत नाही.

किती वर्षं राहतील यावरही वाद होतो. अबू दाऊद या संग्रहात ४० वर्षं आहेत, सहीह मुस्लिमच्या एका हदीसमध्ये सात वर्षांचा उल्लेख आहे. मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत, ते 'म'. महदींबद्दल (शेवटच्या काळात येणारे मार्गदर्शक) सुन्नी आणि शिया समजुती वेगळ्या आहेत: बहुतेक शिया मंडळींसाठी ते बारावे इमाम आहेत आणि ईसा त्यांच्या मागे नमाज पढतील. अहमदिया जमात ईसांना नैसर्गिक मृत्यू आला असं मानते आणि येणारा मसीह म्हणजे कादियानचे मिर्झा गुलाम अहमद असं सांगते. बाकीचे मुस्लिम हे मान्य करत नाहीत. एवढं सांगून पुढे चला, कारण या एका मुद्द्यावर उरलेली दुपार सहज जाते.

तिसरा रविवार: शेजारी-शेजारी

फळ्यावर दोन रकाने काढा आणि पहिल्या दोन कागदांवरून माणसांनाच भरू द्या. जागेपासून सुरू करा, ते सोपं आहे. हदीसमध्ये दमास्कस आहे. तिथल्या उमय्या मशिदीचा आग्नेय मिनार आजही ईसांच्या नावाने ओळखला जातो. नव्या करारात जागेचं नाव स्पष्ट नाही. जैतुनांचा डोंगर सांगतात तो जखऱ्या १४:४ आणि कृत्ये १ जोडून. लुद्द आलं की कृत्ये ९:३२ उघडा: पेत्र जिथे गेला ते लोद हेच गाव. इथे दोन्हीकडची माणसं एकदम पुढे सरकून बसतात.

मग शत्रू. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, प्रकटीकरणात नाही. थेस्सलनीकाकरांना दुसरं पत्र २:८ मध्ये प्रभू येशू अधर्मी माणसाला आपल्या मुखाच्या श्वासाने मारतो. नव्वासांच्या हदीसमध्येही ईसांचा श्वास नजर पोचेल तिथवर पोचतो आणि नाकारणारे त्याने मरतात. दोन्ही एकाखाली एक लिहा. त्यावरून कुणी कुणाकडून घेतलं हा वाद मात्र सुरू करू नका, तो या बैठकीत सुटणार नाही.

शेवटची चाळीस मिनिटं मरणासाठी राखून ठेवा. ख्रिस्ती श्रद्धेत परत येणाऱ्याचं मरण मागे पडलेलं आहे: तो मेला, उठला, आता मरणार नाही. इस्लामी श्रद्धेत त्यांचं मरण अजून पुढे आहे: ते येतील, राहतील, वारतील, आणि मुसलमान त्यांची जनाजाची नमाज पढतील. न्यायाचंही तसंच. मत्तय २५ मध्ये येशू सिंहासनावर बसून न्याय करतो. कुरआनात न्याय अल्लाहचा. ५:११६-११७ मध्ये ईसांनाच विचारलं जातं की मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का, आणि ते नम्रपणे नाही म्हणतात. एकीकडे तो न्यायाधीश, दुसरीकडे ते साक्षीदार. हा फरक बोथट करायला कुणीतरी म्हणेल, "शेवटी सगळं एकच." आमचं मत स्पष्ट आहे: हे वाक्य येऊ देऊ नका. ज्या माणसाने क्रूसावर आयुष्य टेकवलंय आणि ज्याने तौहीदवर (अल्लाह एकच, या श्रद्धेवर), त्या दोघांचाही त्यात अपमान आहे. फळ्यावरचा रकाना जसा भरला तसाच राहू द्या.

सुटले नाहीत ते प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून, एक प्रत इमामसाहेबांकडे आणि एक पाळकांकडे पोचवा. उठताना वाटलेले कागद मोजून परत घ्या: बारा दिले असतील तर बारा आले पाहिजेत. आयतींचा अर्थ असलेले मशिदीत द्या, तिथे जुन्या पानांसाठी वेगळी पेटी असते.