स्ट्रोक रिहॅबमध्ये पीएचडी करायचीय? आधी प्रश्न बारीक करा

"स्ट्रोकनंतर हाताची रिकव्हरी" हा पीएचडीचा विषय होत नाही, ते अख्खं क्षेत्र झालं. कुठला पेशंट, स्ट्रोक होऊन किती दिवस झालेत, थेरपी कोणती आणि किती तास, तुलना कशाशी, मोजणार काय, हे सगळं एका वाक्यात बसेपर्यंत वाचत रहा आणि मगच गाइडकडे जा.

यात सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते "किती दिवस झालेत" यावर. पहिल्या तीनेक महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, त्यामुळे कंट्रोल ग्रुप (तुमची थेरपी न मिळणारा, तुलनेचा गट) नसेल तर पेशंट तुमच्या थेरपीने सुधारला की आपोआप, हे सांगताच येणार नाही. आणि लवकर सुरू केलं, जास्त केलं की फायदाच असंही नाही. २०१५ ची अव्हर्ट ट्रायल नीट वाचा, २१०४ पेशंट होते, आणि ज्यांना पहिल्या २४ तासांत उठवून वारंवार हालचाल करायला लावली त्यांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा उलट कमी चांगला आला. मला तर वाटतं या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथूनच करावी.

स्केल आधीच ठरवा. फ्यूगल-मायर या तपासणीतले हाताचे ६६ गुण हालचाल किती परत आली ते दाखवतात, पण माणूस घरी तो हात वापरतो का हे त्यातून कळत नाही, त्यासाठी मोटर ॲक्टिव्हिटी लॉग (रोजच्या कामांत हात किती वापरला ते पेशंटला विचारणारी प्रश्नावली) किंवा मनगटावरचा ॲक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) लागतो. स्कोअर घेणाऱ्याला कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते कळू देऊ नका.

मग पेशंट मिळवणं, खरं अडतं ते इथेच. एक्साइट या स्ट्रोकनंतरच्या हाताच्या थेरपीवरच्या ट्रायलमध्ये सात सेंटर मिळून दोन वर्षांत २२२ जण घेता आले, तुम्ही तर एकटे, म्हणून प्रपोजल लिहायच्या आधी वॉर्डात बसून महिन्याला तुमच्या निकषात बसणारे किती येतात ते मोजा, त्यातलेही सगळे हो म्हणत नाहीत. बोलायला त्रास होतो म्हणून अफेझियावाल्यांना सरसकट वगळू नका प्लीज, रिहॅबची गरज त्यांनाही तेवढीच आहे, चित्रं आणि मोठी अक्षरं घालून सोपा कन्सेंट फॉर्म बनवा, एथिक्स कमिटीला तोही दाखवा.

ट्रायल रजिस्टर करायची ती पहिला पेशंट घ्यायच्या आधी. वॉर्डात मोजलेला पेशंटचा आकडा लहान निघाला तर फीजिबिलिटी स्टडी (मोठी ट्रायल जमेल का ते बघणारा छोटा अभ्यास) करा, किती जण आले, किती टिकले, ठरवलेले तास खरंच झाले का, एवढ्यावरही चांगला थीसिस उभा राहतो.