रणगाड्यांच्या मदतीची बातमी कशी वाचावी

युक्रेनला रणगाडे देण्याच्या वादाची बातमी वाचताना प्रथम हे पाहावे की रणगाडा कोणाच्या ताब्यात आहे आणि तो पुढे देण्याची परवानगी कोणाच्या हाती आहे. लेपर्ड-२ हा रणगाडा जर्मन बनावटीचा असल्यामुळे पोलंडला स्वतःकडील रणगाडे देण्यासाठीही बर्लिनची संमती लागत होती, आणि जानेवारी २०२३ मधील बरीचशी ओढाताण याच मुद्द्याभोवती फिरली. मग घोषणांच्या तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात: जर्मनीने १४ लेपर्ड आणि अमेरिकेने आपले ३१ एब्रॅम्स रणगाडे २५ जानेवारी या एकाच दिवशी जाहीर केले, आणि हा काही योगायोग नव्हता. घोषणा आणि पोहोच यांतील अंतरही मोजावे. एब्रॅम्स प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये पोहोचू लागले. दारूगोळा, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा उल्लेख नसलेली बातमी अर्धीच समजावी.