मोहातून राखण मागायचीय? मग उपास-प्रार्थना अशी करून बघा

पहिलं म्हणजे उपास करून देवावर उपकार होत नाहीत. एक दिवस उपाशी राहिलो, आता देवानं मला मोबाईलवरच्या रमीपासून वाचवलंच पाहिजे, असा हिशोब तिथं चालत नाही बघा. बायबलमधल्या मत्तयाचा 4 था अध्याय काढा, येशूनं 40 दिवस उपास केला, मग त्याला भूक लागली आणि सैतान आला तो नेमका तेव्हाच, तेसुद्धा भाकरीचाच विषय घेऊन! त्यामुळं उपासाच्या दिवशी मोह जास्त आला तर घाबरू नका, आपलं काहीतरी चुकलंय असं समजू नका.

आता तयारी. "प्रभू, मला पापापासून राख" एवढं ढोबळ मागून उठू नका. कुठला मोह, किती वाजता, कुणाबरोबर असताना, ते कागदावर लिहा. पगाराच्या संध्याकाळी दोस्तांच्या गाड्या बारकडं वळतात तेव्हा, का रात्री सगळे झोपल्यावर हातात मोबाईल असतोय तेव्हा? त्याच वेळेसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. आणि एक वचन पाठ करा. येशूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचनच सैतानाच्या तोंडावर फेकलं (8:3, 6:16, 6:13), वाद घालत बसला नाही. गंमत म्हणजे आपण राखणीसाठी हमखास म्हणतो त्या 91 व्या स्तोत्रातल्याच ओळी सैतानानं तिथं वापरल्यात, म्हणून ते स्तोत्र ताईतासारखं वापरू नका, एवढंच माझं म्हणणं.

दिवस शक्यतो शुक्रवार धरा, प्रभूच्या मरणाचा वार. रविवार नको, तो पुनरुत्थानाचा, म्हणून तर लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, 40 दिवसांत रविवार मोजत नाहीत. गुरुवारी रात्री जेवायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी सोडायचं, नवीन माणसाला एवढं बास झालं. आपला उपास साबुदाणा चालतो का वरी चालते असल्या यादीचा नसतो, जेवणच सोडायचं असतं, पाणी मात्र भरपूर प्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत भट्टीजवळ ड्युटी असेल तर सुट्टीचा दिवस बघा. शुगर, गरोदरपण, रोजच्या गोळ्या असं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, त्यापेक्षा एक दिवस मोबाईल किंवा मटण सोडा, तोही उपासच.

जेवणाच्या सुट्टीतला वेळ प्रार्थनेला द्या, नाहीतर ते नुसतं डाएट होतंय. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, "आम्हांला परीक्षेत आणू नको" इथं थांबा आणि तो कागदावरचा मोह बोलून टाका, लाजायचं काय, त्याला माहीत आहेच. मग 1 करिंथ 10:13 वाचा. मोहाबरोबर देव निभावायचा मार्गही ठेवतो असं तिथं लिहिलंय, तो मार्ग मागा, पण दिसला की त्यावरून चालायला पण लागतंय की! ॲप डिलीट करा, घरी जायचा रस्ता बदला, रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रोजची दारू असेल तर उपासाच्या जोरावर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर, आणि चर्चच्या पाळकांनाही विश्वासात घ्या.

उपासाची जाहिरात नको, मत्तय 6 मध्ये तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून फिरा असंच सांगितलंय. आता कोल्हापुरात कुणी "चल मिसळ खाऊया" म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातंय, पण "आज नको, उद्या जाऊ" एवढंच बोला.

सोडताना पेज, केळं असलं हलकं घ्या, डायरेक्ट तांबड्या रश्श्यावर तुटून पडला तर रात्रभर पोट धरून बसाल. आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढा. यशया 58 मधला उपास भुकेल्याला आपली भाकर वाटायला सांगतो, त्यामुळं सीपीआर हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटचे गावाकडचे नातेवाईक बसलेले असतात त्यांच्यापैकी कुणाला तरी त्या पैशात जेवू घाला.