छापील लवचीक एमआरआय कॉइल बनवताना या चुका टाळा

एमआरआयच्या टेबलावर रुग्ण झोपला की त्याच्या छातीवर किंवा पोटावर जो जाड पट्टा आवळतात, ती शरीरातून येणारा क्षीण संदेश टिपणारी कॉइल असते. मोठ्या माणसाच्या मापाची ही कॉइल लहान मुलाच्या अंगाला नीट टेकत नाही. मध्ये फट राहिली की संदेश आणखी क्षीण होतो, तपासणी लांबते, पट्ट्याच्या वजनाने मूल चुळबुळ करते आणि अनेकदा भूल देण्याची वेळ येते. यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ॲना क्लॉडिया एरियस आणि मायकेल लस्टिग यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात जो उपाय मांडला, त्यातील छपाई आपल्या ओळखीची आहे. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, त्याच पद्धतीने पातळ प्लॅस्टिक फिल्मवर चांदीच्या शाईने कॉइल छापायची आणि फिल्मच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पट्ट्या छापून कपॅसिटरही, म्हणजे विद्युतभार साठवणारा भागही, त्याच फिल्मचा करायचा.

अशी कॉइल बनवू पाहणाऱ्यांच्या बहुतेक चुका माझ्या मते एकाच सवयीतून येतात. कॉइल पारखली जाते ती टेबलावर सपाट पसरून, आणि तिला काम करायचे असते ते अंगावर वाकून.

पहिली चूक फिल्म निवडतानाच होते. पॉलिएस्टरची फिल्म स्वस्त आणि सहज मिळणारी असते. परंतु येथे फिल्म हा केवळ कागद नसून कपॅसिटरचा गाभा आहे, आणि पॉलिएस्टर त्यात टेफ्लॉनपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा गिळते. शिवाय शाई पक्की करण्यासाठी भट्टीत तापवताना पॉलिएस्टर किंचित आकसते आणि दुसऱ्या बाजूची छपाई पहिलीवर बसत नाही. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रात कॉइल सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर जुळलेली असावी लागते; फिल्म कुठे पातळ निघाली आणि धारकता, म्हणजे कपॅसिटरची भार साठवण्याची क्षमता, १० टक्क्यांनी वाढली, तर हा आकडा सुमारे ३ मेगाहर्ट्झने खाली घसरतो. म्हणून फिल्म छपाईपूर्वीच एकदा भट्टीतून काढून आकसू द्यावी, तिची जाडी चार-पाच ठिकाणी मोजावी, आणि कपॅसिटरची एका बाजूची पट्टी दुसरीपेक्षा थोडी रुंद ठेवावी, म्हणजे छपाई थोडी सरकली तरी समोरासमोरचे क्षेत्रफळ बदलत नाही. उरलेली चूक पट्टीची कडा धारदार पात्याने खरवडून सुधारता येते, त्यामुळे पट्टी मुळात किंचित मोठीच छापलेली बरी.

दुसरी चूक सर्वांत महाग पडते, आणि ती म्हणजे मल्टिमीटरवर विसंबणे. तो फक्त स्थिर प्रवाहाला होणारा रोध दाखवतो, कॉइलच्या वारंवारतेवरचा नाही. छापलेल्या शाईत चांदीचे सूक्ष्म पापुद्रे चिकट माध्यमात एकमेकांना टेकून असतात, त्यामुळे तिची वाहकता भरीव तांब्याच्या बरीच खाली असते. ६४ मेगाहर्ट्झला तांब्यातील प्रवाह पृष्ठभागालगतच्या सुमारे ८ मायक्रॉनमध्ये वाहतो. वाहकता तांब्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी असेल तर हीच खोली सुमारे २६ मायक्रॉन होते. त्यामुळे शाईचा एकच पातळ थर पुरत नाही. तथापि खरा प्रश्न कॉइलचा स्वतःचा रोध किती हा नसून, शरीरामुळे येणाऱ्या रोधाच्या तुलनेत तो किती हा आहे. त्यासाठी नेटवर्क ॲनलायझरला (वारंवारतेनुसार प्रतिसाद दाखवणाऱ्या उपकरणाला) दोन लहान शोधक कडी जोडून कॉइलचा क्यू, म्हणजे ती ऊर्जा किती कमी वाया घालवते हे सांगणारा आकडा, आधी ती मोकळी टांगून मोजावा, मग शरीराऐवजी मिठाच्या पाण्याने भरलेल्या बाटलीला गुंडाळून मोजावा; हा झाला भारित क्यू. मोकळा क्यू भारित क्यूच्या पाचपट असेल, तर आदर्श कॉइलच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के गुणवत्ता हाती लागते. तो दुप्पटच असेल तर सुमारे ७१ टक्के. कॉइलचे कडे, म्हणजे तिचा एक वेढा, लहान केले की शरीराचा गोंगाट (संदेशात मिसळणारा नकोसा अंश) झपाट्याने घटतो, कॉइलचा मात्र तितका घटत नाही. म्हणजे शाईचा उणेपणा नेमका मुलांसाठी केलेल्या लहान कड्यांतच उघडा पडतो, आणि प्रौढांच्या मापावर काढलेले आकडे तेथे लागू होत नाहीत.

कड्यांचे जाळे करताना शेजारची कडी एकमेकांवर थोडी चढवतात. गोल कड्यांची केंद्रे व्यासाच्या सुमारे पाऊणपट अंतरावर ठेवली की त्यांचा परस्परप्रभाव जवळजवळ मावळतो. कडी वेगवेगळी छापून कापडावर चिकटवली तर ती वाकवताना सरकतात. ॲनलायझरच्या पडद्यावर एका शिखराची दोन शिखरे झालेली दिसली, की हेच घडले असे समजावे. सगळी कडी एकाच फिल्मवर छापावीत, आणि ही तपासणीसुद्धा बादलीसारख्या गोलाईवर करावी.

एक दोष मात्र चकवतो. सपाट असताना क्यू उत्तम, वाकवल्यावर पडतो आणि पुन्हा सपाट केल्यावर परत येतो. भिंगाखाली पाहिल्यास बहुधा डायोडच्या (स्विचसारखे काम करणाऱ्या सुट्या भागाच्या) किंवा केबलच्या जोडालगत शाईत केसाएवढी भेग दिसते. वाकल्यावर ती उघडते आणि सरळ केल्यावर मिटते. कडक जोड जिथे संपतो आणि लवचीक फिल्म सुरू होते, तिथेच सगळा ताण गोळा होतो. जोडासाठी साधे सोल्डर वापरू नये, कारण वितळलेले कथील शाईतील चांदी विरघळवून टाकते. चांदीयुक्त वाहक इपॉक्सी वापरावे आणि कडकपणा एकदम न संपता हळूहळू ओसरेल असा आधार द्यावा.

सुरक्षिततेत कोणतीही सवलत नाही. यंत्र लहरी सोडत असताना कॉइल पिन डायोडने बेसूर करावीच लागते, म्हणजे तिच्या जुळलेल्या वारंवारतेपासून ढळवावी लागते, अन्यथा तिच्यात प्रवाह उसळून रुग्णाला भाजू शकते. केबलवर प्रवाहरोधक सापळे हवेत आणि केबलची वेटोळी अंगावर पडता कामा नयेत. फँटमवर (शरीराऐवजी चाचणीसाठी वापरायच्या नमुन्यावर) तापमान मोजल्याशिवाय आणि नैतिक समितीच्या परवानगीशिवाय कॉइल कोणाच्याही अंगावर ठेवू नये.

आवरण म्हणून मऊ सिलिकोन घ्यावेसे वाटते, पण त्यातील हायड्रोजन प्रतिमेत स्वतःच उजळून दिसतो. निकेलचा मुलामा असलेले जोड चुंबकाला ओढले जातात आणि प्रतिमा वाकडी करतात. प्रत्येक सुटा भाग आधी साध्या चुंबकाने तपासावा. घाम आणि पुसण्याचे अल्कोहोल फिल्मच्या कडेने आत शिरतात, तेव्हा कडा सीलबंद कराव्यात आणि वीस-तीसदा पुसून झाल्यावर क्यू पुन्हा मोजावा.

इतके सारे जमवूनही कित्येकदा फुलासारख्या हलक्या कॉइलला जोडलेला प्रीॲम्प्लिफायरचा (क्षीण संदेश मोठा करणाऱ्या उपकरणाचा) कडक डबा मुलाच्या पोटावरच ठेवलेला आढळतो. तो डबा टेबलाच्या कडेला न्यावा, आणि लांबलेल्या केबलमुळे संदेशाचा जो तोटा होईल तो कॉइल अंगाच्या गोलाईवर गुंडाळूनच मोजावा.