झोनरशी गाठ पडण्याआधी

फायटिंग गेममध्ये झोनर म्हणजे फायरबॉल (दुरून फेकलेला मारा) आणि लांब पोहोचणाऱ्या फटक्यांच्या जोरावर तुम्हाला जवळच येऊ न देणारा. त्याच्याशी खेळायची तयारी मॅचच्या आधीच व्हायला हवी, कारण मॅच सुरू झाली की डोकं तापतं आणि उड्या सुरू होतात. त्याला तेच हवं असतं. इथली उदाहरणं बरीचशी स्ट्रीट फायटर ६ (एसएफ ६) या गेममधली आहेत.

पहिलं काम मनातलं. राउंडच्या सुरुवातीला त्याची हेल्थ काढायची नाही, जागा काढायची, हे ठरवूनच बसा. तो मागे सरकतो, पण स्टेजला टोक असतं, आणि कॉर्नरमध्ये अडकलेल्या झोनरचा अर्धा खेळ संपलेला असतो. म्हणून एक फायरबॉल ब्लॉक केला, म्हणजे अडवला, की लगेच थोडं पुढे चालायचं, पुन्हा ब्लॉक, पुन्हा पुढे. ब्लॉक करून तिथेच बसून राहिलात तर मात्र तो फायरबॉल फुकट गेला नाही, त्याचं काम झालं. एसएफ ६ मध्ये ब्लॉक केलेल्या साध्या फायरबॉलने हेल्थ जात नाही, ड्राइव्ह गेज (खास चालींसाठी लागणारी ताकदीची पट्टी) कमी होतो. सहाच्या सहा कप्पे रिकामे होऊन बर्नआउट झालं, तर ब्लॉक करूनही हेल्थ झिजायला लागते. म्हणजे नजर हेल्थपेक्षा त्या हिरव्या पट्टीवर जास्त हवी.

आता उडीचा हिशेब, कारण बहुतेक मॅच इथेच हरल्या जातात. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो. डोळ्याने बघून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेम गेल्या. उडी स्वतः पाऊण सेकंदाच्या आसपास चालते. फायरबॉल दिसल्यावर मधल्या अंतरावरून उडालात, तर तुम्ही खाली येईपर्यंत तो मोकळा झालेला असतो आणि अँटी-एअर, म्हणजे उडणाऱ्याला हवेतच पाडणारा फटका, तयार ठेवून उभा असतो. उडी मारायची ती अंदाजाने, तो टाकणार त्या क्षणी, आणि क्वचित. त्यासाठी त्याची लय वाचा. सलग दोन टाकून थांबतो का? मागे पाऊल घेतलं की लगेच टाकतो का? ब्लॉक करत पुढे चालताना हे टिपायला भरपूर वेळ मिळतो. एखादी जागच्या जागी सरळ उडी मारून बघणंही चांगलं, त्यात धोका कमी आणि माहिती बरीच.

ट्रेनिंग मोडमध्ये एक सत्र यासाठीच ठेवा. डमीला, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या असलेल्या कॅरेक्टरला, तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: हळू फायरबॉल, वेगवान फायरबॉल, आणि काहीच न टाकता नुसतं थांबून अँटी-एअर. तिन्ही रँडम लावा. तिसरं रेकॉर्डिंग बहुतेक जण टाळतात, आणि त्याच्याशिवाय हा सराव खोटा आहे, कारण खरा खेळाडू तुमच्या उडीची वाट बघत बसतो. याच सत्रात आपल्या कॅरेक्टरची कोणती चाल फायरबॉलमधून आरपार जाते, कोणता सुपर (सगळ्यात जोरदार खास हल्ला) किती अंतरावरून पोहोचतो, हे तपासून घ्या. पॅरीचाही, म्हणजे बटणं दाबून धरून येणारा फटका झेलण्याचाही, सराव करा. पॅरीने अडवलेला फायरबॉल उलट गेज भरून देतो आणि तिथूनच ड्राइव्ह रश, म्हणजे पुढे झपाट्याने धाव, घेता येतो. फक्त जवळ पोहोचल्यावर पॅरी धरून ठेवू नका, थ्रो (पकडून फेकणं) बसला तर जास्त लागतं.

समोर कोण आहे त्याप्रमाणे यादी बदलते. एसएफ ६ मधल्या गाइलला सोनिक बूम या त्याच्या फायरबॉलसाठी मागची दिशा थोडा वेळ दाबून ठेवावी लागते, यालाच चार्ज म्हणतात. तो पुढे चालत असेल तर त्या क्षणी त्याच्याकडे बूम नाही, पाऊल टाका. धालसिमचे हात लांब येतात, पण ते हातही मारता येतात. फटका हुकला की त्या हातालाच मारा, त्याच्या अंगापर्यंत धावायची गरज नाही. जेपी सगळ्यात त्रासदायक. जमिनीतून येणारा त्याचा काटा जवळ, मध्ये की लांब उगवेल हे तो बटणाने ठरवतो, त्यामुळे एकाच अंतरावर रेंगाळू नका. गिल्टी गिअर स्ट्राइव्ह हा दुसरा फायटिंग गेम खेळत असाल तर तिथे पुढे चालण्यानेच टेन्शन गेज (तिथली ताकदीची पट्टी) भरतो आणि सतत पळणाऱ्याला दंडही होतो. अ‍ॅक्सल या तिथल्या झोनरसमोर हे विसरू नका.

ऑनलाइन असाल तर वायफायऐवजी केबल लावा. फायरबॉल बघून पॅरी करायची असताना अडखळणारं कनेक्शन चालत नाही.

घड्याळाचा विचारही आधीच करून ठेवा. राउंडचं घड्याळ 99पासून उलटं चालतं आणि वेळ संपली तर ज्याची हेल्थ जास्त तो जिंकतो. एकदा तुम्ही पुढे गेलात की पाठलाग थांबवायला पूर्ण मोकळीक आहे. आता जवळ यायची गरज त्याला आहे, आणि जवळ येणं हे झोनरचं सगळ्यात कच्चं काम. तेव्हाही मधलं अंतर सोडू नका.

आणि झोनरला कॉर्नरमध्ये गाठल्यावर काय करायचं तेही ठरलेलं असू द्या. इतका वेळ अडकल्याचा राग तिथे बाहेर पडतो आणि लोक सुटल्यासारखी बटणं दाबत राहतात. त्याऐवजी अर्धं पाऊल मागे राहा. घाबरून तो उडी मारेल किंवा ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटका झेलत पुढे येणारा जोरदार हल्ला) टाकेल. उडीला अँटी-एअर, इम्पॅक्टला उलट इम्पॅक्ट. त्याने यातलं काहीच केलं नाही तर चालत जाऊन थ्रो.