तलावावर ‘स्टेलर्स सी ईगल’ दिसला? आधी या चुका टाळा

थंडी पडली की सातारा-सांगलीच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर असा फोटो येतोच. पाण्यावर मोठा शिकारी पक्षी, पंजात मासा, आणि खाली लिहिलेलं: ‘स्टेलर्स सी ईगल, येरळवाडी तलाव’. बघता बघता तो फॉरवर्ड होत जातो.

मोबाइलच्या अ‍ॅपनं सुचवलेलं नाव तसंच उचलणं, ही सगळ्यात मोठी चूक. हा पक्षी राहतो कुठे, ते आधी बघा. स्टेलर्स सी ईगल रशियाच्या अतिपूर्वेचा. कामचात्का आणि ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर तो घरटी करतो. हिवाळ्यात बरेच पक्षी जपानच्या होक्काइदो बेटावर उतरतात आणि समुद्रात वाहत आलेल्या बर्फावर बसलेले दिसतात. सॅमन मासा त्याचा आवडता. तो भरकटतो हेही खरं. २०२१ मध्ये एक थेट अमेरिकेच्या मेन राज्यात पोचला होता. पण येरळवाडी तलाव आहे त्या खटाव तालुक्यात त्याचं नाव लिहायचं तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा.

दुसरी चूक आकाराची. झूम केलेल्या फोटोत सगळेच पक्षी राक्षसी वाटतात. स्टेलर्सचं वजन ५ ते ९ किलो, चोच जाडजूड आणि पिवळीधमक, काळपट अंगावर खांदे आणि शेपटी पांढरीशुभ्र. आपल्याकडे दिसतो तो बहुतेक वेळा कैकर, म्हणजे ऑस्प्रे. वजन जेमतेम दीड-दोन किलो, पोट पांढरं, चोच काळी, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला गडद पट्टा. तो हवेत एका जागी फडफडतो, पाय पुढे करून पाण्यात झेपावतो आणि वर येताच अंग झाडून पाणी उडवतो. मग एक पंजा पुढे, एक मागे धरून माशाचं तोंड उडायच्या दिशेला वळवतो. किती सुंदर दिसतं ते! हे एकदा नीट पाहिलंत की कैकर पुन्हा चुकणार नाही.

विटकरी पाठ आणि पांढरं डोकं असेल तर ती ब्राह्मणी घार. कोयनेच्या बॅकवॉटरला राखाडी पंखांचा, पाचरीसारख्या शेपटीचा मोठा पक्षी दिसला तर मात्र थांबा. कोकण किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड असू शकतो.

फोटोसाठी होडी किंवा गाडी जवळ नेऊ नका. वठलेल्या झाडावर मासा खात बसलेला पक्षी उठला की त्याचं जेवण जातं. क्रॉप न केलेला मूळ फोटो, ठिकाण आणि वेळ जाणकारांना पाठवा. नाव आधीच चुकीचं गेलं असेल, तर जिथे जिथे टाकलंत तिथे दुरुस्तीही टाका.