तेल चेनला नव्हे, पिनेला: रत्नागिरीतील सायकल दुकानात शिकलेले काम

बारावीनंतर रत्नागिरीतल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला लागले, तेव्हा पहिले काही महिने माझ्या वाट्याला पंक्चर काढणे, हवा भरणे आणि चेनला तेल घालणे एवढीच कामे होती. त्यांतले तिसरे सर्वांत सोपे, असा माझा समज होता. पॅडल उलटे फिरवत चेनवर तेलाची सलग धार सोडायची, चेन चकाकू लागली की गिऱ्हाईक समाधानाने पैसे देत असे. आठ-दहा दिवसांनी तीच सायकल परत आली, की चेनवर वाळू आणि जांभ्याची तांबडी धूळ तेलात कालवून झालेला काळा लेप बसलेला असे आणि बोट फिरवले तर तो कचकच लागत असे. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, हे बरेच दिवस पाहत होते. एके दिवशी ते म्हणाले, "बाय, तू तेल चेनला घालतेस, ते पिनेला घालायचं असतं."

या कामात नव्याने येणाऱ्यांनी, किंवा स्वतःची सायकल स्वतः सांभाळू पाहणाऱ्यांनी, हे एक वाक्य आधी समजून घ्यावे. मला ते समजले ते काकांनी एक टाकाऊ चेन आणि चेन कटर, म्हणजे चेनची पिन ढकलून बाहेर काढायचे हत्यार, हातात दिल्यावर. नव्या चेनची पिन नखाखाली गुळगुळीत लागत होती. जुन्या चेनची पिन मधोमध एका बाजूने खाल्लेली होती आणि तिथे नख चक्क अडकत होते. चेन "लांबली" किंवा "ताणली" असे आपण म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) आणि रोलर (बुशवर फिरणारे, दातांत बसणारे गोल कडे) असलेली चेन तयार केली, तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व तेच आहे: प्रत्येक सांध्यात एक पिन फिरते आणि झीज त्या पिनेवर व तिला वेढणाऱ्या बुशवर होते. गिअरच्या आधुनिक चेनमध्ये वेगळा बुश नसतो, आतल्या पट्टीचीच उभारलेली कड ते काम करते. पण झिजण्याची जागा तीच.

ही झीज किती सूक्ष्म असते ते पाहण्यासारखे आहे. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. एक टक्का झीज म्हणजे प्रत्येक सांध्यामागे जेमतेम ०.१३ मिलिमीटर, जवळपास केसाएवढी. पण सांधे ११० असतील तर हीच झीज साठून १४ मिलिमीटर होते. काकांनी सारख्याच कड्यांची जुनी आणि नवी चेन भिंतीतल्या एका खिळ्याला शेजारी-शेजारी लटकवली, तेव्हा जुनी चेन एका कडीहून थोडी अधिक खाली लोंबत होती. म्हणूनच नवी चेन जुनीच्या लांबीवर कापू नये, कड्या मोजून कापावी. ही चूक अनुभवी हातांकडूनही होते.

मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. पोलादी फूटपट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरून, पॅडलवर किंचित दाब देऊन चेनचा वरचा भाग ताठ ठेवला, तर चोविसाव्या कडीची पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. ती खुणेच्या एक षोडशांश इंच पुढे गेली, तर झीज अर्ध्या टक्क्याला पोहोचली. एक अष्टमांश पुढे गेली, तर एक टक्क्याला. मागे अकरा-बारा दातेरी चक्रे असलेल्या सायकलची चेन अर्ध्या टक्क्यालाच बदलावी, आठ ते दहा चक्रांच्या सायकलची पाऊण टक्क्यापर्यंत चालते आणि बिनगिअरच्या सायकलला एक टक्क्यापर्यंत थांबता येते. चेनमध्ये अडकवून पाहायचे तयार मापक सोयीचे असते, पण त्याचे बरेचसे प्रकार रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरतात. त्यामुळे शंका आली की मी अजूनही फूटपट्टीच काढते.

हे माप घ्यायला मी एकदा विसरले आणि त्याची किंमत मोजली. एका शिक्षकांची गिअरची सायकल चेन तुटली म्हणून आली होती. मी नवी चेन बसवली, दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या आणि सायकल दिली. सपाटीवर काहीच कळले नाही. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या चढावर उभे राहून पॅडल मारताना चेन दातांवरून सटकली आणि गुरुजींचा गुडघा हँडलवर आपटला. ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. कारण असे होते: जुनी चेन लांबत गेली तसे तिचे रोलर दातांच्या बुडाशी न बसता वर चढून बसू लागले आणि दातही त्याच घडणीने झिजत गेले. नव्या चेनमधले अंतर मापाचे, त्यामुळे ती त्या झिजलेल्या दातांशी जुळेना. जोर कमी असतो तोवर हे लपून राहते. छोट्या आणि रोजच्या वापरातल्या चक्रावर ते आधी दिसते, कारण तिथे थोडक्या दातांवर सगळा भार येतो. त्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बदलावीच लागली; तिची मजुरी मी घेतली नाही. चेन वेळेवर बदलली असती तर ती कॅसेट आणखी पुष्कळ चालली असती.

आता आपल्या किनाऱ्याविषयी, कारण इथला त्रास घाटावरच्या दुकानांना पूर्णपणे ठाऊक नसतो. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून येणाऱ्या सायकलींवर मासळीच्या टोपल्यांतले खारे पाणी निथळलेले असते. भाट्याच्या पुळणीवरून हौसेने सायकल चालवणाऱ्यांच्या चेनमध्ये ओली वाळू शिरते. आणि पावसाळ्यात सायकल दोन दिवस पडवीत उभी राहिली तरी चेनवर गंज येतो. अशा वेळी गंजावर तेल ओतण्यात अर्थ नसतो. खारे पाणी लागले असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुवावी. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली मात्र सायकल धरू नये, ते पाणी चाकाच्या हबमधल्या व पॅडलच्या क्रँकमधल्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. चेन कोरड्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. फार मळली असेल तर चेनचे लॉक (दोन टोके जोडणारी, सुटी होणारी कडी) उघडून ती रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत रॉकेलमध्ये बुडवावी आणि झाकण लावून हलवावी. बरणी रात्रभर ठेवली की गाळ तळाशी बसतो आणि वरचे रॉकेल पुन्हा वापरता येते. चेन पूर्ण वाळेपर्यंत तेल घालू नये, नाहीतर आत उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करते. अगदी नवी चेन कधीही अशी धुऊ नये. कारखान्यातून तिच्या सांध्यांत भरून आलेले वंगण बाहेरून घालता येईल त्यापेक्षा चांगले असते.

त्यानंतर प्रत्येक रोलरवर एक थेंब घालावा, पॅडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे आणि काही तासांनी बाहेरचे सगळे पुसून काढावे. शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून वापरू नये, त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो. खोबरेल तेलाचा मोह तर आपल्याकडे घरोघरी असतो. पण जे तेल पौष महिन्यात बाटलीतच थिजते, ते सांध्यात काय करील, याचा विचार करावा.

बिनगिअरच्या सायकलला चेन जोडताना लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे, उघडे टोक पुढे राहिले तर ते कशाला तरी अडकून क्लिप निघते. गिअरच्या चेनचा एखादा सांधा जोडल्यावर घट्ट राहिला, तर तो हाताने आडवा वाकवून मोकळा करावा. हे दोन-तीनदा केले की हाताला कळते.

हत्यारे घेण्याची घाई करू नये. फूटपट्टी, चेन कटर, एक जुना दात घासायचा ब्रश आणि भरपूर फडकी यांवर मी पहिले वर्ष काढले. त्यांच्या जोडीला एक वही ठेवली: कोणाच्या सायकलला कोणती चेन कधी बसवली आणि त्या वेळी दातांची अवस्था काय होती. गुरुजींची सायकल आता सर्व्हिसिंगला आली, की मी आधी त्यांचे पान उघडते, मग फूटपट्टी लावते आणि आकडा त्यांच्यासमोर लिहिते. मागच्या वेळी पिन एक षोडशांशाच्या थोडी अलीकडे होती. "अजून एक पावसाळा?" त्यांनी विचारले. "पावसाळ्याआधीच बदलू या, गुरुजी," मी म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली.